परचेसमध्ये नवीन आहात? कंपनीचं यंदाचं ध्येय आणि तुमची खरेदी यांची गाठ कशी घालायची

बडोद्याच्या आजूबाजूला मकरपुरा, पोर, वाघोडिया, सावली, हालोल या पट्ट्यात इंजिनिअरिंगचे लहान-मध्यम कारखाने भरपूर आहेत. कुणी ट्रान्सफॉर्मर करतं, कुणी स्विचगिअर, कुणी पंप, व्हॉल्व्ह किंवा प्रेशर व्हेसल. आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं-मुली कलाभवनातून (एम.एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून) किंवा पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून इथेच लागतात. काही वर्षं स्टोअर्स किंवा प्रॉडक्शन पाहिलं की त्यांतल्या काहींना परचेसला बसवतात. पहिल्याच आठवड्यात वरून हुकूम येतो: "गेल्या वर्षीपेक्षा पाच टक्के खाली आणा." बस, एवढंच. हे पाच टक्के कशासाठी, कुठल्या मालावर, आणि त्यासाठी काय सोडायची तयारी आहे, हे कुणी सांगत नाही.

मी हे काम ट्रान्सफॉर्मर आणि पंपांच्या कारखान्यांत केलं आहे. बहुतेक परचेसवाले मेहनतीत कमी पडत नाहीत. त्यांची मेहनत एका दिशेला आणि कंपनीची गरज दुसऱ्या दिशेला, असं होतं. मालकाला यंदा डिलिव्हरी वेळेवर द्यायची असते आणि परचेस भाव पाडण्यात दंग असतं. बँकेची सीसी लिमिट (कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा) काठाला टेकलेली असते आणि परचेस स्वस्त मिळतोय म्हणून चार महिन्यांचा माल भरून ठेवतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण वर्षाअखेरीस हिशेब जुळत नाही. तो जुळावा म्हणून काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी हाताशी काय हवं

- हातातल्या ऑर्डरींची यादी: डिलिव्हरीची तारीख, उशिराच्या दंडाची अट आणि भाव फर्म आहे की बदलता, या तीन रकान्यांसह
- गेल्या बारा महिन्यांचं परचेस रजिस्टर, आयटेमवार (टॅलीतून किंवा ईआरपीतून)
- स्टॉक स्टेटमेंट, माल किती दिवसांपासून पडून आहे त्यासकट
- जास्त विकल्या जाणाऱ्या चार-पाच प्रॉडक्टचे बीओएम (एका नगाला काय काय माल लागतो त्याची यादी)
- इनकमिंग आणि लाइन रिजेक्शनची नोंद
- ज्यांचं आपल्याला देणं आहे त्यांची यादी, कुणाचे पैसे किती दिवसांपासून थकले आहेत ते दाखवणारी
- प्रत्येक पुरवठादाराची फाइल: जीएसटी नोंदणी, पॅन, उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग असल्याच्या नोंदणीचं), कॅन्सल्ड चेक
- ग्राहकाने मंजूर केलेल्या व्हेंडरांची यादी, असल्यास

शेवटची यादी नवीन माणूस हमखास विसरतो. रेसकोर्सवरच्या विद्युत भवनात बसणाऱ्या वीज कंपन्या काय किंवा रिफायनरी, खत कारखाने काय, मोठे ग्राहक अनेकदा आतल्या मालाचा मेकसुद्धा ठरवून देतात. तुम्ही स्वस्तातलं बुशिंग शोधून काढलंत आणि ते मंजूर यादीत नसलं, तर इन्स्पेक्टर आल्यावर तयार ट्रान्सफॉर्मर उघडावा लागतो.

१. मालकाकडून ध्येय वदवून घ्या

"साहेब, यंदा आपलं ध्येय काय?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "सगळंच. भाव कमी, क्वालिटी चांगली, माल वेळेवर, उधारी जास्त." यातून काही हाती लागत नाही. प्रश्न असा घाला की दोनपैकी एक निवडावंच लागेल:

- दोन टक्के जास्त देऊन माल तीन आठवडे लवकर मिळत असेल तर घ्यायचा का?
- सीसी लिमिटमध्ये किती जागा आहे? स्वस्त मिळालं तरी स्टॉक किती दिवसांच्या वर जाऊ द्यायचा नाही?
- गेल्या वर्षी जास्त पैसा कशात गेला: उशिराच्या दंडात, वॉरंटीच्या दुरुस्तीत की व्याजात?
- यंदा कुठलं नवं प्रॉडक्ट किंवा नवा ग्राहक धरायचा आहे?
- कुठला ग्राहक हातचा गेला तर आपण अडचणीत येऊ?

अर्धा तास मागून घ्या आणि शक्यतो अकाउंट्स आणि मार्केटिंगची माणसं समोर असताना विचारा. तिथेच कळतं की मार्केटिंगने आठ आठवड्यांची डिलिव्हरी कबूल केली आहे आणि तिचा पत्ता परचेसला नाही. उत्तरं लिहून काढा आणि त्याच दिवशी सगळ्यांना मेल करा. घरी मराठी, शॉपवर गुजराती आणि कागद इंग्रजीत अशी आपल्याकडची तऱ्हा. तोंडी ठरलेलं तीन भाषांतून फिरता फिरता बदलतं, म्हणून लेखी असूद्या.

मुख्य ध्येय एकच ठेवा, फार तर दोन. पाच ध्येयांसाठी एकाच वेळी खरेदी करता येत नाही.

२. ध्येय खरेदीच्या भाषेत आणा

समजा मालक म्हणाले, "यंदा बारा आठवड्यांच्या आत ट्रान्सफॉर्मर बाहेर पडलाच पाहिजे." बीओएम समोर घ्या आणि प्रत्येक आयटेमपुढे खरा लीड टाइम लिहा. कोटेशनवरचा नको. गेल्या वर्षी पी.ओ.ची (खरेदीच्या ऑर्डरची) तारीख आणि जीआरएनची (माल आल्याच्या नोंदीची) तारीख यांत प्रत्यक्ष किती दिवस गेले, तो आकडा घ्या. धरून चला की सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरसाठीचं खास सिलिकॉन स्टील) कोअरला आठ आठवडे लागतात, टॅप चेंजरला (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या भागाला) नऊ, बुशिंगला पाच, टाकीला चार आणि तेलाला एक. असेंब्ली, ड्राइंग आणि टेस्टिंगला चार आठवडे धरले, तर टॅप चेंजर धरून तेरा होतात. म्हणजे कबूल केलेली तारीख पहिल्या दिवशीच हुकली आहे. अशा वेळी टाकीवाल्याशी भावाची घासाघीस करून डिलिव्हरी एक दिवसही अलीकडे येत नाही. टॅप चेंजरचा पुरवठादार, त्याची बुकिंगची पद्धत आणि ड्राइंग मंजूर होण्याआधी त्याला ऑर्डर देता येते का, एवढ्यावरच लक्ष द्यायचं.

आता दुसरं उदाहरण. मालक म्हणाले, "पैसा अडकलाय, तो मोकळा करा." वर्षाची खरेदी १२ कोटी असेल तर महिन्याला एक कोटी. सरासरी स्टॉक पंधरा दिवसांनी कमी झाला तर साधारण ५० लाख मोकळे होतात. दहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला पाच लाख वाचले. भावात सरसकट एक टक्का उतरला असता तर बारा लाख वाचले असते. कागदावर भाव पाडणं जास्त फायद्याचं दिसतं. पण लिमिट संपली असेल आणि पगाराच्या तारखेला ओढाताण होत असेल, तर त्या कारखान्याला आज ५० लाख रोख हवेत, वर्षभरात तुकड्यातुकड्याने येणारे बारा लाख नकोत. कंपनीची अडचण कुठली हे माहीत नसेल तर यांतलं बरोबर काय, हे परचेस ठरवूच शकत नाही. पहिल्या पायरीवर मी एवढा जोर देतो तो यासाठीच.

३. पैसा जातो कुठे ते पाहा

परचेस रजिस्टर एक्सेलमध्ये घ्या आणि आयटेमवार बेरीज करा. इथे सगळ्यात जास्त वेळ जाईल आणि तो जाऊ द्या. आपल्या टॅलीत एकच दहा मिलिमीटरची प्लेट चार नावांनी असते: "एम.एस. प्लेट १०", "प्लेट १० एमएम", "१० मिमी शीट", आणि कुणीतरी घाईत टाकलेलं "प्लेट मकरपुरा". आयएस २०६२ च्या कुठल्या ग्रेडची, ते एकातही नसतं. ही नावं एक केल्याशिवाय मोठी खरेदी कुठली आणि किरकोळ कुठली, हेच कळत नाही. पुरवठादारांचंही तेच. एकाच घरच्या तीन फर्म तीन नावांनी बिलं देत असतात आणि आपण समजतो की तीन जणांकडून कोटेशन घेतलं.

सफाई झाली की रकमेच्या उतरत्या क्रमाने यादी लावा. वरच्या थोड्या आयटेममध्येच बहुतेक पैसा गेलेला दिसेल. ही यादी छापून भिंतीवर लावा.

४. माल चार खणांत वाटा

पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडते. प्रत्येक आयटेमला दोन प्रश्न विचारायचे: यावर पैसा किती जातो, आणि हा मिळाला नाही तर किती अडचण होईल? त्यातून चार खण होतात.

पैसा जास्त, अडचणही जास्त: कॉपर, सीआरजीओ. इथे पुरवठादाराशी वर्षाचं बोलणं हवं आणि त्यात मालक स्वतः हवेत.

पैसा जास्त, अडचण कमी: प्लेट, चॅनेल, पॅकिंगच्या पेट्या. विकणारे भरपूर आहेत. भावाची घासाघीस इथे मनापासून करा, रेट कॉन्ट्रॅक्ट (ठरावीक काळासाठी बांधलेला भाव) करा. मालकांचे पाच टक्के यायचे असतील तर ते मुख्यत्वे याच खणातून येतील.

पैसा कमी, अडचणही कमी: नट-बोल्ट, हातमोजे, वेल्डिंग रॉड, स्टेशनरी. यावर परचेसचा वेळ घालवणं हाच मोठा खर्च आहे. एक-दोन दुकानदार ठरवा, महिन्याची एक पी.ओ. काढा, संपवा.

पैसा कमी, अडचण जास्त: खास मापाचं गॅस्केट, मेकॅनिकल सील, बाहेरून येणारं बेअरिंग, एखादा रिले. या खणावर कुणाचं लक्ष नसतं, कारण रकमेच्या यादीत हे आयटेम पार तळाला असतात. पण डिस्पॅच अडतो तो यांच्यामुळेच. पन्नास लाखांचा माल टेस्ट होऊन उभा आहे आणि काही हजारांच्या सीलसाठी इन्स्पेक्शनची तारीख पुढे ढकलली आहे, हे दृश्य मी वेगवेगळ्या कारखान्यांत पाहिलं आहे. या खणात भाव करू नका. स्टॉक जास्त ठेवा, दुसरा पुरवठादार तयार करा, आणि डिझाइनवाल्यांना विचारा की बाजारात सहज मिळणारं माप चालेल का. हा शेवटचा उपाय सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

खण कायमचे नसतात. ध्येय डिलिव्हरीचं असेल तर अडचणीच्या खणांना आधी हात घाला, नफ्याचं असेल तर मोठ्या पैशाच्या.

५. भावाआधी पूर्ण खर्च काढा

पंपाच्या बॉडी कास्टिंगचं उदाहरण घेऊ. पहिला फाउंड्रीवाला नग २,००० रुपयांना देतो, दुसरा २,१०० ला. मशीनिंगला नगामागे १,५०० रुपये लागतात. मशीनिंग झाल्यावर पहिल्याच्या शंभरातले दहा नग ब्लोहोलमुळे (ओतकामात राहिलेल्या पोकळ्यांमुळे) बाद होतात, दुसऱ्याचे दोन. बाद नगाचे पैसे दोघंही कापू देतात, पण मशीनिंगचा खर्च आपल्याच अंगावर येतो.

पहिला: ९० नगांचे १,८०,००० आणि मशीनिंगचे १,५०,०००, एकूण ३,३०,०००. चांगला नग पडला सुमारे ३,६६७ ला.

दुसरा: ९८ नगांचे २,०५,८०० आणि मशीनिंगचे १,५०,०००, एकूण ३,५५,८००. चांगला नग पडला सुमारे ३,६३१ ला.

पाच टक्के महाग असलेला दुसरा इथे स्वस्त ठरला. पण मशीनिंगचा खर्च नगामागे ६०० असता, तर याच आकड्यांनी पहिला २,६६७ आणि दुसरा २,७१२ असा उलटा निकाल लागला असता. म्हणून "महाग तो चांगला" किंवा "स्वस्त तो वाईट" असं धरून चालू नका, दर वेळी हिशेब मांडा. आणि तुमचं यंदाचं ध्येय डिलिव्हरीचं असेल तर बाद झालेले ते दहा नग पुन्हा ओतून यायला किती दिवस लागतात, ते या हिशेबात नाहीच. तो रकाना वेगळा घाला.

तुलनातक्त्यात निदान एवढं धरा: मूळ भाव, वाहतूक, पॅकिंग, उधारीचे दिवस (व्याजात मोजून), रिजेक्शन आणि किमान ऑर्डरमुळे पडून राहणारा माल. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तो खर्चात धरू नका.

६. आपण कसं विकलंय ते पाहून कॉपर घ्या

नवीन माणसाला हे कुणीच सांगत नाही, आणि इथली चूक वर्षाची सगळी बचत खाऊन टाकते.

कंपनी दोन तऱ्हेने विकते. एक, फर्म भावाने: ऑर्डरच्या दिवशी ठरलेला भाव डिलिव्हरीपर्यंत बदलत नाही. दोन, किंमत बदलाच्या सूत्राने: वीज कंपन्यांच्या अनेक टेंडरमध्ये कॉपर, सीआरजीओ, स्टील, तेल यांच्या निर्देशांकांवर भाव खालीवर होतो आणि हे निर्देशांक आयईईएमए ही इलेक्ट्रिकल उत्पादकांची संघटना प्रसिद्ध करते.

फर्म ऑर्डर असेल तर ती हातात आल्याबरोबर तेवढ्या कॉपरचा भाव पुरवठादाराकडे पक्का करून टाका. लंडन मेटल एक्सचेंजचा भाव उतरेल म्हणून थांबणं म्हणजे कंपनीच्या नफ्यावर स्वतःच्या अंदाजाने बाजी लावणं. तो निर्णय परचेसचा नाही. डॉलर वर गेला तरी रुपयातला भाव चढतो, हेही लक्षात असूद्या.

सूत्राची ऑर्डर असेल तर उलट काळजी घ्या. भाव कमी आहे म्हणून तीन महिने आधीच कॉपर भरलं आणि पुढे भाव आणखी उतरला, तर सूत्राने आपली विक्रीची किंमत खाली येते आणि आपला माल मात्र जुन्या भावाचा असतो. टेंडरमध्ये कुठल्या महिन्याचा निर्देशांक लागू होणार ते लिहिलेलं असतं. तो महिना शोधा आणि खरेदीचा भाव शक्य तेवढा त्याच्या जवळ ठेवा.

म्हणून मी ऑर्डरींच्या यादीत फर्म की बदलता हा रकाना मागितला. मार्केटिंगकडून तो भरून घेतल्याशिवाय कॉपरच्या मोठ्या पी.ओ.वर सही घेऊ नका.

७. उधारी लांबवण्याआधी कायदा वाचा

"पुरवठादाराला नव्वद दिवस थांबवा" हे बऱ्याच कारखान्यांचं न लिहिलेलं धोरण असतं. ते आता महागात पडतं.

एमएसएमई विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात नवी तरतूद आली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ही मुदत चुकवली तर त्या खरेदीची वजावट पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षातच मिळते. मार्चअखेर थकलेली मोठी रक्कम अशी नफ्यात धरली गेली तर न कमावलेल्या नफ्यावर कर भरायची वेळ येते.

इथे तीन ठिकाणी लोक अडखळतात.

पहिलं, कोण सूक्ष्म आणि कोण लघु हे अंदाजाने ठरवणं. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. लघु उद्योगासाठी यंत्रसामग्रीत २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल चालते. म्हणजे कालपर्यंत मध्यम असलेला तुमचा पुरवठादार आज लघु असू शकतो. उद्यम प्रमाणपत्र दर वर्षी नव्याने मागवा. निव्वळ व्यापार करणाऱ्यांची उद्यम नोंदणी मात्र फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जाच्या कामाची असते. त्यांची यादी वेगळी करा आणि सीएंना दाखवा.

दुसरं, मालाबद्दलची तक्रार तोंडी करणं. माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल आला त्या दिवशीच तो स्वीकारला असं धरलं जातं आणि मुदत तिथून मोजतात. फोनवर "भाई, माल खराब छे" म्हटल्याने काही होत नाही. इनकमिंग इन्स्पेक्शन पंधरा दिवसांच्या आत उरकायलाच हवं.

तिसरं, जीएसटी. पुरवठादाराने आपल्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं नाही आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर तयार होणाऱ्या तुमच्या क्रेडिटच्या महिनावार यादीत) दिसलं नाही, तर क्रेडिट मिळत नाही. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. दोन टक्के स्वस्त देणारा पण रिटर्न न भरणारा पुरवठादार अठरा टक्क्यांना पडतो. जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) दिलेला कच्चा मालही चलनावर वर्षाच्या आत परत आला पाहिजे. फॅब्रिकेटरकडे पडलेल्या प्लेटची यादी दर तिमाहीला तपासा.

रोख मोकळी करणं हेच यंदाचं ध्येय असेल, तर छोट्या फाउंड्रीवाल्याचे पैसे अडवून ते साधू नका. स्टॉक कमी करा, मोठ्या पुरवठादारांशी मुदत ठरवा, ग्राहकाकडून ॲडव्हान्स मागा. मकरपुऱ्यातल्या दहा माणसांच्या फॅब्रिकेशन शॉपला वेळेवर पैसे मिळाले तर तुमच्या अडीअडचणीला तो रविवारी शटर उघडतो. माझ्या अनुभवात याहून स्वस्त पडणारी सोय नाही.

८. बडोद्याचं कॅलेंडर प्लॅनमध्ये घाला

लीड टाइमचे आकडे वर्षभर सारखे नसतात. दिवाळीला बंद झालेला बाजार लाभपंचमीच्या मुहूर्तानंतर पुरता सुरू होतो. पुढे उत्तरायणाचे दोन दिवस जातात. होळीला दाहोद-पंचमहालकडचे कामगार गावी जातात आणि फॅब्रिकेशन, पेंटिंग, लोडिंग सगळंच मंदावतं. मार्चअखेरीला प्रत्येक ग्राहकाला माल हवा असतो. नेमके होळी आणि मार्चअखेर एकमेकांना चिकटून येतात. मार्चच्या डिस्पॅचचा माल होळीच्या आधी आवारात आला पाहिजे, असं धरूनच पी.ओ. काढा. चीनमधून काही येत असेल तर त्यांच्या नववर्षाची सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत असते, तीही धरा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि बरेच दिवस वाहतूक, वीज, माणसांची ये-जा विस्कळीत झाली. पर्यायी पुरवठादार म्हणून एकाच वसाहतीतले शेजारी-शेजारी दोन कारखाने धरले असतील, तर अशा वेळी दोन्ही एकदमच बंद पडतात. अडचणीच्या खणातल्या मालासाठी एक पुरवठादार बडोद्याचा आणि दुसरा राजकोट, अहमदाबाद किंवा पुण्याकडचा असूद्या, थोडी वाहतूक जास्त पडली तरी.

९. काय मोजायचं

चार आकडे पुरेत: ठरल्या तारखेला पूर्ण आलेल्या पी.ओ.चं प्रमाण, रिजेक्शन, स्टॉकचे दिवस आणि भावातला फरक. ध्येयाशी जोडलेला आकडा सगळ्यात वर लिहा.

भावातला फरक मोजताना एक सापळा आहे. बाजारात कॉपर दहा टक्क्यांनी उतरलं आणि आपण आठ टक्के स्वस्त घेतलं, तर गेल्या वर्षीच्या भावाशी तुलना करून ती बचत म्हणू नका. बाजाराच्या मानाने आपण दोन टक्के महाग घेतलं आहे. उलट बाजार दहाने चढला आणि आपण सहाने चढू दिला, तर ते चांगलं काम आहे आणि ते दिसलं पाहिजे. धातूंचा भाव निर्देशांकाशीच ताडून पाहा.

आयएसओ ९००१ असलेल्या कारखान्यात पुरवठादारांचं मूल्यमापन तसंही करावंच लागतं. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात बसून फॉर्म भरण्यापेक्षा हेच चार आकडे दर महिन्याला पुरवठादारवार काढा, दोन्ही कामं होतात. आकडे पुरवठादारालाही दाखवा. पुष्कळ जणांना आपला माल किती उशिरा पोचतो याची खरंच कल्पना नसते.

१०. एका कागदावर प्लॅन लिहा आणि सही घ्या

वरच्या सगळ्याचा एकच कागद करा. वर यंदाचं ध्येय, मालकांच्याच शब्दांत. खाली चार खण आणि प्रत्येकातले मोठे आयटेम. प्रत्येकापुढे यंदा काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत. शेवटी दोन ओळी, काय करणार नाही याच्या. उदाहरणार्थ: "सील आणि गॅस्केटवर भाव कमी करण्याचं टार्गेट नाही." "लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे जाणार नाहीत." या ओळींवर मालकांची सही असेल तर सहा महिन्यांनी कुणी "सीलमध्ये किती वाचवले?" असं विचारलं की दाखवायला कागद असतो.

दर महिन्याला अर्धा तास मार्केटिंग, स्टोअर्स, प्रॉडक्शन आणि अकाउंट्सला एकत्र बसवा. अजेंडा साधा ठेवा: नव्या ऑर्डरी कुठल्या, त्या फर्म की बदलत्या भावाच्या, कुठला आयटेम अडणार, पडून राहिलेला माल कुठल्या ऑर्डरीत वापरता येईल. तिमाहीला मालक हवेत.

वर्षाच्या मध्ये ध्येय बदलतं, आणि त्यात गैर काही नाही. निर्यातीची मोठी ऑर्डर आली की रोखीचा प्रश्न मागे पडून क्वालिटी आणि तारीख पुढे येते. अशा वेळी सगळा कागद फाडून नवा लिहू नका. आधी अडचणीच्या खणातली यादी पाहा: नव्या ऑर्डरीमुळे तिच्यात कुठले आयटेम वाढले, त्यांचे मेक ग्राहकाला मंजूर आहेत का, आणि त्यांचा खरा लीड टाइम किती. मग कॉपरचा भाव पक्का करायचा की नाही ते ठरवा. नट-बोल्ट आणि पेट्यांचं रेट कॉन्ट्रॅक्ट जसं आहे तसं चालू राहू द्या, फक्त महिन्याचं प्रमाण वाढवून पुरवठादाराला लेखी कळवा.